संगीची बदली

आमच्या घरात मोठ्याने आवाज करण्याची मुभा फक्त कुकरला होती. बाकीच्यांनी हळू बोलायचे, हळू चालायचे आणि दार लावताना कडी वाजू द्यायची नाही, कारण अण्णा, म्हणजे माझे वडील, महाविद्यालयात संस्कृत शिकवीत आणि उरलेला वेळ घरी बसून चिंतन करीत. ते चिंतन कशाचे असे, हे शेवटपर्यंत कुणाला कळले नाही. विचारण्यासाठी त्यात व्यत्यय आणावा लागला असता. गारखेड्यातल्या त्या लहानशा घरात मी अशी वाढले की मी खोलीत आले आहे हे पुष्कळदा खोलीतल्या माणसांनाही उशिरा समजे. सिटी बसमध्ये कुणी माझ्या पायावर पाय दिला, तर क्षमा मी मागत असे. बारावी झाली, महाविद्यालयाचे पहिले वर्ष निम्मे सरले, तरी मला मैत्रीण अशी नव्हती. पाठांतर मात्र उत्तम होते.

आईला याची काळजी वाटे. ती धपाटे थापता थापता, तव्याच्या चर्र आवाजाआड, अण्णांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणे, "बाई गं, जरा चारचौघांत मिसळ. माणसं काही खात नाहीत." शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी मैदानी खेळ सुचवला. बॅडमिंटनच्या हॉलमध्ये जागा नव्हती. माझ्या जुन्या शाळेतले खेळाचे शिक्षक शेख सर छावणीच्या मैदानावर मुलींचा रग्बी संघ चालवतात असे आईला भाजीवालीकडून कळले, आणि रग्बी म्हणजे थ्रोबॉलचाच एखादा प्रकार असावा या समजुतीवर तिने माझे नाव नोंदवून टाकले. अण्णांनी शब्दकोश उघडला, वाचला, मिटला आणि म्हणाले, "हरकत नाही. इंग्रजांचा खेळ आहे, शिस्त असणार." त्या शब्दकोशात नेमके काय लिहिले होते हे मी नंतर पाहिले. त्यात चेंडूचा आकार दिला होता. आपल्याला जमिनीवर आपटतात, हे दिले नव्हते.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी तीनच गोष्टी सांगते. लंबगोल चेंडू हातात घेऊन समोरच्या रेषेपलीकडे धावत जायचे. सोबतच्या मुलीकडे तो टाकायचा झाल्यास मात्र मागेच टाकायचा, पुढे नाही. आणि चेंडू घेऊन धावणारीला समोरच्या संघाने कमरेखाली कव घालून खाली पाडायचे. आमच्या संघात सात जणी खेळत. बाकीच्या मुली दहा-अकरा वर्षांच्या असल्यापासून तिथे लोळत होत्या. मी अठराव्या वर्षी, इस्त्री केलेल्या ट्रॅक पँटमध्ये, तेल लावलेल्या दोन वेण्या घालून तिथे पोहोचले. पहिल्या दिवशी मला एका मुलीला पाडायला सांगितले. मी तिच्याजवळ जाऊन "माफ कर हं" म्हणाले आणि मग तिचा गुडघा धरला. मैदानावरच्या सगळ्या मुली हसत खाली बसल्या. शेख सर आकाशाकडे बघून म्हणाले, "बेटा, ये रग्बी है. तुम निकाह का पैगाम लेके काय को जा रई?"

त्या मुलींत संगी होती. दौलताबादच्या किल्ल्याखालच्या एका धनगर वस्तीवरून ती येई. घरच्या मेंढ्या, थोडी कोरडवाहू जमीन, आणि सहा भावंडांत ही मधली. संगी धावू लागली की बाकीचा खेळ थांबल्यासारखा वाटे. तिला राज्याच्या संघात घेतले होते, वर्तमानपत्रात तिचे छायाचित्र आले होते, आणि या सर्व गोष्टींची तिला आवश्यकतेपेक्षा बरीच जास्त जाणीव होती. मला तिने पहिल्याच आठवड्यात "पुस्तक" हे नाव ठेवले. "ए पुस्तक, बाजूला व्हय, पानं फाटतील." मी बाजूला होत असे. आमच्या संघाची खेळण्याची पद्धत अगदी सोपी होती: चेंडू संगीला द्यायचा आणि उभे राहून बघायचे. या पद्धतीने आम्ही पुष्कळ सामने जिंकलो, आणि जिंकल्यामुळे दुसरी पद्धत शिकण्याची गरज कुणालाच भासली नाही.

संघाचे अध्यक्ष होते बापूसाहेब. दौलताबादच्या बाजूला त्यांचा पेरूचा आणि सीताफळांचा मळा, गारखेड्यात बंगला. चेंडू, गणवेश आणि प्रवासखर्च त्यांचा. त्या बदल्यात बक्षीस समारंभात मधली खुर्चीही त्यांची. खेळाविषयी त्यांचे एकच मत होते आणि ते त्यांनी कधी बदलले नाही. "पुढं जायचंय तर मागं कशापायी फेकता? आमच्या घराण्यात कुणी मागं बघितलं नाय." शेख सरांनी नियम समजावून सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "मंग नियमच चुकलाय." तरी माणूस दिलदार होता. दर रविवारी सराव संपला की संघाला मळ्यात जेवण असे: चुलीवरच्या ज्वारीच्या भाकरी, तेलात पोहणारे वांग्याचे भरीत, हिरव्या मिरचीचा ठेचा, आणि वर झाडाचे पेरू. आजही कुठे पेरूचा वास आला की माझा उजवा खांदा दुखू लागतो. डॉक्टरांना हे पटत नाही.

अशाच एका रविवारी, भाकरीचा तुकडा हातात धरून, संगीने विषय काढला.

"बापूसाहेब, पुण्याला बोलावलंय मला. क्रीडा वसतिगृहात जागा देतेत. कॉलेज, ऱ्हाणं, खाणं समदं त्यांचंच. पर तुमची मंजुरी लागती म्हणतेत."

"व्हय का? लई झ्याक," बापूसाहेब म्हणाले. "जा की. कोण नाय म्हणतंय? फकस्त बदली देऊन जा."

"कसली बदली?"

बापूसाहेबांनी विहिरीकडे बोट केले. तिथे त्यांचा सालगडी म्हादू पाइप ओढत होता. "त्यो म्हादू. पाडव्याला सालावर ठिवलाय. मधीच जातो म्हणला तर मी काय म्हणतो? तुझ्या जागी तुझ्यासारखा गडी उभा कर आन् खुशाल जा. बैलं काय उपाशी मारायची का?"

शेख सर खाकरले. "साहेब, ये खेल है... इसमें बैल..."

"खेळाचंच म्हणतो मी. सात पोरी लागतेत ना? एक गेली तर सा उरल्या. मंग?"

या गणितात चूक नव्हती. संगीने हातातला तुकडा ताटात ठेवला. तिच्या घरी सांगून ठेवलेले होते, पुण्याला गेलीस तर गेलीस, नाहीतर जूनपासून मेंढ्यांमागे. कॉलेजचे लाड आता पुरे. आणि पुण्याची जागा जूनच्या आत घेतली नाही तर ती कोल्हापूरच्या कुणा मुलीला जाणार होती. बापूसाहेबांना हे सारे ठाऊक होते. त्यांना त्यात अन्याय दिसत नव्हता, एवढेच. त्यांच्या वडिलांनी, आजोबांनी असेच केले होते आणि एकाही गड्याने तक्रार केली नव्हती. निदान त्यांच्या कानांपर्यंत ती आली नव्हती.

बदली निवडण्याचा कार्यक्रम तिथेच, पेरूच्या सावलीत पार पडला. आम्हांला ओळीने उभे केले. बापूसाहेब बाजारात फिरावे तसे ओळीवरून फिरले. दात तेवढे पाहायचे राहिले. एकीच्यानं भागायचं नाही, तिघी तयार करा, त्यातली एक लागू पडेल, असा त्यांचा विचार होता. छावणीतली नसीम उंच म्हणून निवडली. वर्षा रुंद म्हणून निवडली. मग ते माझ्यासमोर थांबले. मी खाली पाहत होते.

"ही कोण?"

"साहेब, वो नई है, अभी..." शेख सर घाईने म्हणाले.

"बोलत नाय अजिबात. गुणाची दिसती. घ्या हिला."

माझ्या आयुष्यात माझी जेवढ्या वेळा निवड झाली, तेवढ्या वेळा ती याच एका गुणावर झाली आहे. पुढे नोकरीतही.

मग सुरू झाले आमचे घडणे. संगीला शिकवता येत नव्हते. "तू अशी वळतेस कशी?" असे नसीमने विचारले तर ती म्हणे, "वळायचं." "म्हणजे कसं?" "अगं म्हंजे वळायचंच की! बग." आणि ती वळून दाखवी, इतक्या वेगाने की बघणे संपायच्या आत वळणे संपलेले असे. शेवटी शेख सरांनी शास्त्रीय मार्ग धरला. संगीचे जे जे काही होते ते ते सर्व उचलायचे, त्यात कशाने गुण येतो हे अल्लालाच ठाऊक. संगी धावताना जिभेचे टोक दातांत धरी, म्हणून आम्ही तिघीही जिभेचे टोक दातांत धरून धावू लागलो. तिसऱ्याच दिवशी वर्षाने नसीमला पाडले आणि नसीमची जीभ रक्ताळली. ती आठवडाभर ताक पिऊन राहिली. संगीने डाव्या पायात निळा आणि उजव्या पायात हिरवा मोजा घालण्याचे कारण तिचा एकेक मोजा हरवला होता एवढेच होते, पण तेही आम्ही उचलले.

बापूसाहेबांची भर याहून मोठी होती. संगी मेंढीच्या दुधावर वाढली आहे असे त्यांना कळल्याबरोबर तिघींच्या घरी रोज सकाळी मेंढीच्या दुधाची किटली येऊ लागली. आईने झाकण उघडले, वास घेतला आणि पदर नाकाला लावला. अण्णा चिंतन सोडून स्वयंपाकघरात आले. "आविक," ते म्हणाले. "आयुर्वेदात सर्व दुधांमध्ये हे निकृष्ट मानले आहे." मग त्यांनी पेला उचलून माझ्या हातात दिला, कारण फुकट आलेले अन्न टाकणे हे त्याहून निकृष्ट मानले होते.

संगी आमच्या घरी येऊ लागली ती त्याच सुमारास. पुण्याला जायचे तर आम्हांला तयार करण्यावाचून गत्यंतर नाही हे तिला उमगले होते, आणि तिघींमध्ये सर्वांत कच्ची मी होते. बैठकीच्या खोलीत गादीची वळकटी उभी करून तिला सुतळी बांधायची आणि मी ती पाडायची, असा तिचा पाठ होता. "डोळ्यांकडं बगू नगं. डोळं फसवतेत. कंबर बग. कंबर जिकडं, बाई तिकडं. डोकं बाजूला, खांदा मांडीत, हात मागून आवळायचे. आन् सोडायचं नाय. घर पडलं तरी सोडायचं नाय." मी वळकटीला क्षमा मागून तिच्यावर झेप घेई. भिंतीवरचे कपाट हादरे. आमच्या घराच्या इतिहासात एवढा आवाज झाला नव्हता. पहिल्या दिवशी अण्णांनी दारातून चष्मा वर करून पाहिले, आणि मला वाटले की आता रग्बी संपले. पण ते म्हणाले, "डाव्या बाजूने जरा कमी जोर पडतो आहे," आणि परत गेले.

आई संगीला धपाटे आणि दही वाढी. संगी मांडी ठोकून बसे आणि आमच्या घरातले मौन एकटी संपवून टाकी. "काकू, तुमी लोकं भांडता कवा?" तिने एकदा विचारले. आईने विचार केला आणि प्रामाणिकपणे म्हणाली, "वेळच मिळाला नाही गं." त्या संध्याकाळी आई पुष्कळ हसली. मी तिला तेवढे हसताना आधी पाहिले नव्हते.

मे महिना अर्धा सरला आणि बापूसाहेबांनी परीक्षा जाहीर केली. संगी चेंडू घेऊन तीनदा धावणार. आम्ही तिघींनी मिळून तिला एकदा जरी पाडले, तरी बदली तयार झाली असे समजायचे आणि संगीने पुण्याला जायचे. नाही पाडले, तर नाही. आदल्या संध्याकाळी, आमच्या गच्चीवर पापड गोळा करताना, संगीने मला बाजूला घेतले.

"हे बग पुस्तक. तुमच्यानं मी पडायची नाय. जलमात नाय. तवा तू नुस्ता हात लाव, मी पडते."

"पण ते खोटं होईल," मी म्हणाले.

"खोटं कसलं? नाटक. तुमच्या घरात नाटकाची येवढी पुस्तकं हायत, कुणी खोटं म्हणतं का त्यास्नी?"

मी गप्प राहिले. माझे मौन म्हणजे संमती असेच तोवर सर्वांनी मानले होते, तिनेही मानले.

दुसऱ्या दिवशी सकाळी छावणीच्या मैदानावर बापूसाहेबांची खुर्ची मांडली गेली, तिच्यावर छत्री धरली गेली. पलीकडे लष्कराचा बँड सराव करीत होता; त्यातला एकजण एकच सूर पुन्हा पुन्हा चुकत होता. आम्ही तिघी निळा-हिरवा मोजा घालून, जिभा दातांत धरून उभ्या राहिलो. आज त्या जागी लग्नाचे लॉन आहे. तिथे मी अलीकडेच एका भाचीच्या लग्नात श्रीखंड खाल्ले, नेमके जिथे उभी होते तिथे.

संगी धावली. वर्षाला तिने डावीकडून मागे टाकले, नसीमला उजवीकडून, आणि मी हात पुढे केला तेव्हा तिथे फक्त धूळ होती. ती रेषेपलीकडे पोहोचून चेंडू जमिनीला टेकवून मोकळी झाली. बापूसाहेबांनी टाळी वाजवली.

परत येताना मी कुजबुजले, "अगं, पडायचं होतं ना?"

"इसरले," ती म्हणाली. तिचा चेहरा उजळलेला होता. "आता पडते."

दुसऱ्या वेळी ती खरोखरच पडायला आली होती. माझ्याजवळ येताना तिने वेग किंचित कमी केलेला मला जाणवला. माझी बोटे तिच्या बाहीला लागली. आणि बोटे लागताच तिचे अंग असे काही वळले की मी तोंडावर पडले आणि ती पुन्हा रेषेपलीकडे. आता बापूसाहेब उभे राहिले.

"वा रं वा! शेखसाहेब, असली पोरगी सोडायची म्हंजे आपल्याला येड लागलंय का? बदली-बिदली काय नाय. ही जायची नाय!"

संगी माझ्याजवळ आली. तिचा श्वास लागला होता आणि डोळे प्रथमच घाबरलेले होते. "पुस्तक, पायच आयकंनात गं," ती म्हणाली. "मी म्हणते पडा, त्ये पळतेत. काय करू?"

काय करू, हे तिने मला विचारले. तोवर मला कुणी काही विचारले नव्हते. मला आठवते, मी बँडमधला तो चुकणारा सूर ऐकत होते आणि माझ्या मनात आले की ही मुलगी जूनमध्ये मेंढ्यांमागे जाणार, आणि त्याचे कारण तिचेच पाय असणार. याहून मूर्खपणाची गोष्ट मी ऐकली नव्हती, आणि मी संस्कृत नाटके पुष्कळ वाचली होती.

तिसऱ्यांदा ती निघाली. वर्षा गेली. नसीम गेली. मी डोळ्यांकडे पाहिले नाही. कंबर पाहिली. कंबर डावीकडे निघाली आहे असे दाखवून उजवीकडे वळली, आणि त्या वळण्याच्या आधीच मी उजवीकडे झेपावले होते. डोके बाजूला, खांदा मांडीत, हात मागून आवळलेले. क्षमा मागायची राहून गेली. तिने गुडघा झाडला, कोपर माझ्या पाठीत मारले, एक पाय सोडवून मला तसेच ओढत चार-पाच हात पुढे नेले. माझ्या खांद्यात काहीतरी वाळकी काडी मोडावी तसे वाजले. मी सोडले नाही. मग आभाळ आडवे झाले आणि संगी धाडकन जमिनीवर आली, रेषेच्या अलीकडे.

मग शेख सर ओरडले, "या अल्ला! पुस्तक ने पाड दिया!"

संगी माझ्याखालून निघाली. मी तिच्याकडे हसून पाहिले. मला वाटले ती मला मिठी मारील. तिने तोंडातली माती थुंकली, माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू मी तिचे घर जाळले आहे, आणि पाण्याच्या टाकीकडे निघून गेली.

बापूसाहेबांनी शब्द पाळला. शिवाय, सत्कारसमारंभात संगीला शाल पांघरताना त्यांनी भाषण केले की आपल्या मुली पुण्याला पाठवण्याचे स्वप्न आपण किती वर्षे उराशी बाळगले होते. माझ्या उजव्या खांद्याचे हाड मोडल्यामुळे मी, म्हणजे संगीची अधिकृत बदली, त्या हंगामात एकही सामना खेळले नाही. नसीम आणि वर्षा खेळल्या. चेंडू संगीला द्यायचा हीच पद्धत ठाऊक असल्यामुळे, आणि संगी तिथे नसल्यामुळे, संघाने तो जालन्याच्या मुलींना दिला. बापूसाहेबांनी पराभवाचे खापर मागे फेकण्याच्या नियमावर फोडले.

संगी निघाली त्या दिवशी मी हात गळ्यात बांधून मध्यवर्ती बस स्थानकावर गेले. आईने दशम्या दिल्या होत्या. संगीची आई नवे पातळ नेसून, पत्र्याची पेटी धरून उभी होती आणि कंडक्टरला सांगत होती की पोरीला पुण्यातच उतरवा, आधी नको. संगी खिडकीत बसली होती. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलली नव्हती. मी दशम्यांचे पुडके खिडकीतून दिले. तिने ते घेतले, मांडीवर ठेवले आणि समोर पाहत राहिली. चालकाने इंजिन सुरू केले तेव्हा ती वाकली.

"खांदा दुखतो का?"

"नाही. म्हणजे, थोडासा."

"ए पुस्तक. एक ध्यानात ठिव. मी पडले. ठरलं व्हतं तसं. तू नाय पाडलंस."

"बरं."

"बरं नाय. म्हण."

"तू पडलीस," मी म्हणाले.

"हां." तिचा चेहरा एकदम निवळला. तिने खिडकीतून हात काढून माझ्या चांगल्या खांद्यावर एक दणका दिला, आणि बस निघाली.

संगी पुढे देशासाठी खेळली, पोलीस खात्यात मोठ्या हुद्द्यावर गेली. तिच्या सत्कारांना मी जाते. ती मला पहिल्या रांगेत बसवते. दर वेळी ती तो प्रसंग सांगते, मैत्रिणीची लाज राखण्यासाठी आपण कसे मुद्दाम पडलो ते, आणि लोक टाळ्या वाजवतात. मीही वाजवते. तिच्या व्यासपीठावर तिचे खरे मानणे मला मुळीच जड जात नाही. पण हे प्रकरण माझे आहे, म्हणून इथे लिहिते: ती पडली नव्हती. मी तिला पाडले.